1966 ची एमजीबी रोडस्टर, 'संपूर्ण रिस्टोर्ड', 17,500 पौंड : घ्यावी का?

मृण्मयी_एमके
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसतीच वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी मिल्टन कीन्सला राहते. वाँटेजला, म्हणजे जिथे ती गाडी बनली त्या ॲबिंग्डनपासून जेमतेम दहा मैलांवर, एक 1966 ची एमजीबी रोडस्टर (दोन सीटची, उघड्या छपराची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) विकायला आहे. ब्रिटिश रेसिंग ग्रीन रंग, काळ्या लेदर सीटा, वायर व्हील्स, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारी सोय). जाहिरातीत लिहिलंय "संपूर्ण रिस्टोर्ड, बसा आणि चालवा". खाजगी विक्री आहे, डीलर नाही. पंधरा फोटो आहेत आणि त्यातल्या प्रत्येकात ती अशी चमकतेय की मी रोज रात्री झोपायच्या आधी एकदा उघडून बघते.

कारण सांगते. आमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्याकडे अशीच एमजीबी होती. माझी लेक सात-आठ वर्षांची असल्यापासून त्यांच्या गॅरेजमध्ये टॉर्च धरून उभी राहायची, ते तिला एकेक स्पॅनर मागायचे आणि ती अचूक काढून द्यायची. गेल्या वर्षी ते गेले, गाडी घरच्यांनी विकली. लेक आता पंधरा वर्षांची आहे. मला तिच्याबरोबर शनिवार-रविवार बॉनेट उघडून बसायचंय. मला स्वतःला टायर बदलता येतो आणि ऑइल तपासता येतं, त्यापुढे पाटी कोरी.

किंमत बरोबर आहे का, आणि बघायला गेले तर नेमकं काय बघू?

खटपट्या
आधी अभिनंदन, गाडी छान निवडलीत. 1962 ते 1980 पर्यंत बनत होती, रोडस्टर आणि बंद छपराची जीटी धरून पाच लाखांच्या वर बनल्या, त्यामुळे नटबोल्टपासून अख्ख्या बॉडीशेलपर्यंत सगळं आजही नवीन मिळतं. पहिली क्लासिक म्हणून याहून शहाणी निवड नाही.

पण पंधराच्या पंधरा फोटो बाहेरूनच आहेत ना? तिथेच माझं घोडं अडलं. एमजीबीला वेगळी चॅसिस (खालचा सांगाडा) नाही, पत्र्याची बॉडी हीच चॅसिस. रोडस्टरला छतही नाही, म्हणजे गाडी मधून वाकू नये ही सगळी जबाबदारी दाराखालच्या सिलवर. आणि सिल म्हणजे एक पत्रा नव्हे. बाहेरचा सिल, मध्ये उभा पडदा ज्याला मेंब्रेन म्हणतात, आतला सिल आणि खाली कॅसल रेल, असा तो चार थरांचा डबा असतो. गंज आतून लागतो. नीट काम करायचं तर पुढचं विंग (चाकावरचा मडगार्डचा पत्रा) बोल्ट काढून उतरवावं लागतं आणि मागच्या विंगचा खालचा तुकडा कापावा लागतो, कारण बाहेरचा सिल दोन्हीकडे त्यांच्या आत शिरलेला असतो. हे टाळून जुन्या गंजावरच नवा चकचकीत पत्रा चढवला आणि रंग मारला तरी फोटोत फरक दिसत नाही.

रंगाचे फोटो बघू नका, रंगाआधीचे मागा.

कॉव्हेंट्रीकर
खटपट्याच्या अक्षर न् अक्षराला अनुमोदन, मी पोळलेला आहे म्हणून लिहितोय.

सहा वर्षांपूर्वी मी एक लाल एमजीबी घेतली. रंग असा की त्यात बघून दाढी करावी. पहिल्या हिवाळ्यानंतर चाक काढायला म्हणून जॅक लावला, फिरवतोय फिरवतोय, जॅक वर जातोय पण गाडी जागच्या जागी. मला वाटलं जॅकच बिघडला. मग कर्र असा आवाज आला, खाली वाकून बघतो तर जॅकचं डोकं सिलमध्ये घुसलेलं आणि भोकातून तपकिरी भुगा गळतोय, चहाची पूड सांडावी तसा. त्या भुग्यात लांबीचे (रंगाआधी खड्डे बुजवायला भरतात त्या पुट्टीचे) पांढरे तुकडे होते, अंगठ्याएवढे जाड. ज्या गॅरेजने ती 'रिस्टोर' केली होती त्यांनी हात वर केले. दोन्ही बाजूंचं काम मला पुन्हा करून घ्यावं लागलं आणि मी आठ महिने गाडीविना बसलो. तेव्हापासून ताकही फुंकून पितो.

सई_आर
मी वेगळं मत मांडते, राग मानू नये. एवढ्या पैशात उत्तम माझदा एमएक्स-5 येईल आणि वर बरेच उरतील. दोन सीट, उघडं छप्पर, मागची चाकं ओढणारी, आणि सकाळी चावी फिरवली की सुरू होते. एमजीबीत ना एअरबॅग ना एबीएस. मुलीला घेऊन फिरणार असाल तर याचा विचार झालाच पाहिजे.

खटपट्या
सई, सुरक्षेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण त्यांना मुलीबरोबर गाडी *खोलायची* आहे गं. एमजीबीचं बॉनेट उघडलं की इंजिनच्या दोन्ही बाजूंना हात घालायला जागा असते, चौदा-पंधरा वर्षांचं पोर दोन एसयू कार्बोरेटर काढून टेबलावर मांडू शकतं आणि संध्याकाळपर्यंत परत बसवू शकतं.

सई_आर
ते पटलं. मग किमान सीटबेल्ट नीट, तीन ठिकाणी बांधलेले आहेत का हे आधी बघा, ही माझी एकच विनंती.

जुना_स्पॅनर
मृण्मयी, चॅसिस नंबरची सुरुवातीची अक्षरं सांगशील का? पूर्ण नंबर इथे टाकू नकोस, नुसती अक्षरं पुरेत. इंजिनच्या बाजूला पाटी असते, जाहिरातीत तिचा फोटो असेल कदाचित.

मृण्मयी_एमके
काका, फोटो आहे. जीएचएन3एल असं आहे आणि पुढे आकडे.

जुना_स्पॅनर
मला शंका होतीच. जी म्हणजे एमजी, एच हा इंजिनाचा गट, एन म्हणजे दोन सीटची उघडी गाडी, 3 म्हणजे पहिली मालिका. आणि शेवटचा एल म्हणजे लेफ्ट हँड ड्राइव्ह. ही गाडी इंग्लंडसाठी बनलेलीच नाही. फोटोत स्टीअरिंग उजवीकडे असेल तर ते नंतर बदललंय. बहुतेक अमेरिकेला गेली असणार, एमजीबी सर्वांत जास्त तिकडेच खपल्या, आणि नव्वदच्या आसपास तिकडून बऱ्याच परत आणल्या गेल्या.

गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे कारखान्याच्या नोंदी आहेत. फी भरली की ते हेरिटेज सर्टिफिकेट देतात, त्यात बनल्याची तारीख, मूळ रंग, इंजिन नंबर, कुठल्या देशात पाठवली हे सगळं येतं. मालकाकडे आहे का विचार. व्ही5सी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, बघशील तेव्हा गाडीची पहिली नोंदणी आणि यूकेतली पहिली नोंदणी या दोन तारखा वेगळ्या आहेत का तेही बघ. आणि व्ही5सी हा मालकीचा पुरावा नव्हे, तसं त्याच्यावरच छापलेलं असतं, तेव्हा खरेदीची पावतीही बघायची.

धुकेश
मग ही सरळसरळ फसवणूकच झाली की! 'संपूर्ण रिस्टोर्ड' लिहायचं आणि स्टीअरिंग इकडचं तिकडे केलंय ते लपवायचं. मी असतो तर तिथेच रामराम ठोकला असता.

जुना_स्पॅनर
घाई नको. कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या हवेत वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या गाडीचा पत्रा इथल्या मिठाच्या रस्त्यांवर हिवाळे काढलेल्या गाडीपेक्षा कितीतरी बरा असतो. स्टीअरिंग रॅक, पेडल बॉक्स, डॅशबोर्ड योग्य भाग वापरून बदलले असतील तर चालवताना काडीचा फरक पडत नाही. हेडलाइटचा झोत डावीकडे पडतो ना तेवढं तपासा.

धुकेश
काका, मुद्दा पत्र्याचा नाही, सांगण्याचा आहे. जी गोष्ट विचारल्याशिवाय कळत नाही तिच्या शेजारी अजून दोन गोष्टी दडलेल्या असतात.

जुना_स्पॅनर
हे मात्र खरं बोललास.

अनुस्वार
जरा विषयांतर. 'रिस्टोर्ड' ला मराठीत काय म्हणावं? जीर्णोद्धार?

कॉव्हेंट्रीकर
जीर्णोद्धार देवळाचा होतो हो.

अनुस्वार
शेजारच्या गॅरेजात टॉर्च धरून उभं राहणाऱ्या मुलीला ते देऊळच की. 'नूतनीकरण' मला नको वाटतं, कारण नवं करायचंच नसतं. जुनं होतं तसं उभं करायचं असतं. आणि माझ्या मते जीर्णोद्धार या शब्दात एक जबाबदारी आहे, पाया न बघता नुसता कळस रंगवला तर त्याला कोणी जीर्णोद्धार म्हणत नाही. त्याला रंगरंगोटी म्हणतात.

खटपट्या
क्या बात है. आता गाडी बघायला जाल तेव्हा हेच विचारा, जीर्णोद्धार की रंगरंगोटी.

अजून एक काम आत्ता, घरबसल्या. सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकून एमओटीचा, म्हणजे गाडीच्या दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा, इतिहास बघा, फुकट आहे. कधी पास, कधी नापास, किती मैल, आणि तपासणाऱ्याने काय शेरे मारले, सगळं दिसतं.

मृण्मयी_एमके
बघितलं! 2015 मध्ये पास आहे पण शेरा आहे, ऑफसाइड (उजवा) सिल गंजलेला. त्यानंतर एकही एमओटी नाही. हे बेकायदा नाही ना? मालकाशी फोनवर बोलले, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे रिस्टोरेशन 2019 ला पूर्ण झालं.

खटपट्या
बेकायदा नाही. मे 2018 पासून चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना, त्यात मोठे फेरफार केलेले नसतील तर, एमओटीतून सूट आहे. रोड टॅक्सही शून्य, आणि हिस्टॉरिक वर्गात असल्याने लंडनच्या यूएलईझेडमध्येही (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून पैसे घेतात त्या भागात) पैसे पडत नाहीत. पण म्हणजे बघा, 2015 च्या त्या शेऱ्यानंतर खालून त्या गाडीकडे कुठल्याही तिऱ्हाईत माणसाने पाहिलेलंच नाही. सूट असली तरी स्वखुशीने एमओटी करता येते. "ताजी एमओटी करून द्या" ही अट घाला. आणि उजवी बाजू, ड्रायव्हरची, तिथे जास्त वेळ द्या.

कॉव्हेंट्रीकर
बघायला जाताना बरोबर न्या : जुने कपडे, टॉर्च, पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक. चुंबक सिलवर, विंगच्या खालच्या भागावर, चाकाच्या कमानीवर लावत जा. जिथे धरत नाही तिथे खाली लांबी आहे. फक्त बॉनेटवर लागलं नाही म्हणून घाबरू नका, त्या काळात बॉनेट ॲल्युमिनियमचंच होतं.

मग मालकाची परवानगी घेऊन गाडी एका बाजूने जॅकवर उचला आणि दाराच्या फटी बघत राहा. सिल धड असेल तर फट तशीच राहते, दार उघडतं-मिटतं. सिल मेलेला असेल तर फट बदलते, दार अडतं. या परीक्षेत कुठलाच रंग पास करून देत नाही.

जुना_स्पॅनर
इंजिनाबद्दल माझ्याकडून. 1798 सीसीचं बी-सिरीज, नवं असताना 95 हॉर्सपॉवर. अतिशय सोशिक इंजिन, रणगाड्यासारखं. 1964 च्या अखेरपासून त्याला पाच मेन बेअरिंग आले, तुझ्या गाडीत तेच हवं. थंड असताना सुरू करायला सांग, म्हणजे आधीच गरम करून ठेवली असेल तर तसं कळेल. वीस मिनिटं चालवून झाल्यावर ऑइल प्रेशर बघ, पळताना 50 च्या वर हवं. पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर अलगद पडू देणारी रचना) नाही, गाडी पूर्ण थांबल्यावरच पहिला टाकायचा, नाहीतर दात खाते आणि तो दोष समजू नकोस. ओव्हरड्राइव्ह तिसऱ्या-चौथ्यात चालतो का बघ. 70 मैलांच्या वेगाला इंजिन साधारण 3900 फेऱ्यांवर किंचाळत असतं, ओव्हरड्राइव्ह लागला की 3100 वर येतं आणि माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येतं.

वायर व्हील्स : गाडी जरा पुढे, जरा मागे कर. मागून टक असा आवाज आला तर हबच्या खाचा झिजल्यात.

धुकेश
पेट्रोलचं कोणी बोललं नाही. सप्टेंबर 2021 पासून इथे साधं पेट्रोल म्हणजे ई10, त्यातलं इथेनॉल जुने रबरी पाइप खातं. सुपर घ्यायचं, ते ई5. आणि 2000 पासून शिसंवालं पेट्रोल बंद आहे, जुन्या व्हॉल्व्ह सीटना झिजण्यापासून ते शिसंच वाचवायचं, तेव्हा हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्यात का हेही विचारा.

सई_आर
वीज पण विचारा! 1966 च्या गाडीत पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं) असतो ना? माझ्या दिरांनी त्यांच्या गाडीत आजचा रेडिओ जोडला आणि धूर निघाला.

जुना_स्पॅनर
बरोबर सई. 1967 पर्यंत पॉझिटिव्ह अर्थ आणि डायनॅमो, सीटांच्या मागे खाली 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. बऱ्याच जणांनी बदलून निगेटिव्ह केलंय. काहीही जोडायच्या आधी बॅटरीची कुठली वायर बॉडीला गेलीय ते बघायचं.

मृण्मयी_एमके
मंडळी, काल जाऊन आलो, मी आणि लेक. सविस्तर लिहिते कारण तुम्ही इतकं शिकवलंत.

मालक 78 वर्षांचे आजोबा आहेत. संधिवाताने बोटं वाकलीत, क्लच दाबताना गुडघा दुखतो म्हणून विकतायत. मी एल बद्दल विचारलं तर एका क्षणात म्हणाले, हो, 1991 ला कॅलिफोर्नियाहून आली, मी 2004 ला घेतली तेव्हाच उजव्या हाताची होती. जाहिरात नातवाने लिहिली, त्याला ते सांगण्यासारखं वाटलं नसावं. मग त्यांनी बुटांचा एक खोका आणला. त्यात हेरिटेज सर्टिफिकेट (मूळ रंग ओल्ड इंग्लिश व्हाइट, उत्तर अमेरिकेला रवाना), दोन हजारच्या दशकापासूनच्या पावत्या, आणि रिस्टोरेशनचे फोटो. विंग उतरवलेलं, दाराच्या जागी लोखंडी आधार वेल्ड केलेला, मेंब्रेन नवा, कॅसल रेल नवी. मला तर हायसंच वाटलं.

लेक फोटो चाळत होती. म्हणाली, आई, सगळे एकाच बाजूचे आहेत. पुन्हा चाळले. खरंच, एकूण एक फोटो डाव्या बाजूचा.

आजोबा म्हणाले दोन्ही बाजूंचे पैसे दिलेत, ही बघा पावती. पावतीवर दोन्ही सिल लिहिलेले होते. मग परवानगी घेऊन आधी डावीकडून जॅक लावला. फट हलली नाही, दार लोण्यासारखं मिटलं. उजवीकडून लावला. लेक दाराशी बोट धरून बसली होती. तिची करंगळी आधी फटीत सहज सरकत होती, जॅक तीन-चार वेळा मारल्यावर ती अडकली. मी दार उघडायला गेले तर ते चौकटीला घासून उघडलं आणि कडेचा हिरवा रंग टवका होऊन खाली पडला. खाली पडून टॉर्च मारला तर नव्या पत्र्याच्या आत जुन्या पत्र्याची कुरतडलेली कड दिसत होती.

आजोबांचा चेहरा उतरला. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, सात वर्षं झाली, मी कधी खाली वाकून बघितलंच नाही, मला वाकता येत नाही.

बाकी सगळं चोख आहे. थंड सुरू झाली, ऑइल प्रेशर गरम असताना 55, ओव्हरड्राइव्ह लागतो. आता काय करू?

धुकेश
आजोबांबद्दल मी जे वाटून घेतलं ते मागे घेतो. फसवणूक झालीय, पण त्यांची.

कॉव्हेंट्रीकर
वाचताना माझ्या पोटात खड्डा पडला. ज्याने काम केलं त्याला ठाऊक होतं की म्हातारा माणूस खाली वाकणार नाही.

माझं मत : 17,500 ला अजिबात नाही. पण एक बाजू पुराव्यानिशी चांगली, इंजिन चांगलं, कागद चांगले, मालक सच्चा, आणि दोष नेमका कुठे आहे हे ठाऊक. अशी गाडी शोधून सापडत नाही. एखाद्या एमजी जाणणाऱ्या वेल्डरकडून उजव्या बाजूचा लेखी अंदाज घ्या आणि तो घेऊन परत जा.

सई_आर
खाजगी विक्री आहे हे लक्षात असू द्या. डीलरकडून घेतली तर 2015 च्या ग्राहक कायद्याने दोष निघाल्यास तीस दिवसांत परत करता येते, इथे तसं नाही. जे ठरेल ते कागदावर घ्या.

मृण्मयी_एमके
अंदाज घेतला, 2,600 पौंड, रंगासकट. मी आजोबांना फोन करून तेवढे कमी करा म्हणणार होते, त्यांनीच आधी सांगितलं, 13,500 ला घेऊन जा, पण उजवी बाजू उघडाल तेव्हा फोटो काढून मला पाठवा.

गाडी घेतली. थेट वेल्डरकडे.

अनुस्वार
आता खरा जीर्णोद्धार. त्या मुलीला माझा नमस्कार सांगा.

मृण्मयी_एमके
सात आठवड्यांनी परत आलेय. सिल झाला, एमओटी करून घेतली, पास, एकही शेरा नाही. फोटोंचा लिफाफा आजोबांना नेऊन दिला, त्यांनी तो त्याच खोक्यात ठेवला आणि खोका लेकीच्या हातात दिला.

स्पॅनरकाका, आज आम्ही दोघी पुढच्या किंगपिनना (ज्यांच्यावर पुढची चाकं वळतात त्या पिनांना) ग्रीस मारतोय. पुस्तकात दोन्ही बाजूंना मिळून सहा निपल (ग्रीस भरायची तोंडं) म्हटलंय. पाच सापडले, सहावं अर्ध्या तासापासून सापडत नाहीये, उजवीकडचं.

जुना_स्पॅनर
स्टीअरिंग पूर्ण एका टोकाला वळवा आणि मागच्या बाजूने बोटाने चाचपा. डावीकडे जिथे आहे बरोबर त्याच उंचीवर असणार.

मृण्मयी_एमके
लेकीला सापडलं! रंगाखाली होतं, सगळं टोक काळ्या रंगाने लिंपलेलं.

जुना_स्पॅनर
म्हणजे 2019 पासून तिथे ग्रीस गेलेलंच नाही. तारेच्या ब्रशने टोक साफ करा, चाक जमिनीवरून उचललेलंच राहू द्या, आणि जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत पंप मारत राहा. मग दर 3,000 मैलांनी.